बीव्हरांचा सखा

कॅनडा देशाच्या सॅस्कॅचेवान प्रांतात, गावांपासून व रस्त्यांपासून दूर, दाट अरण्याच्या पोटात अजावान नावाचे एक लहानसे सरोवर आहे. त्याच्या काठाला अगदी लागून ओंडक्यांची एक झोपडी उभी आहे. १९३१ साली या झोपडीत एक मनुष्य राहावयास आला. उंच व सडपातळ बांधा, केसांच्या दोन लांब वेण्या आणि अंगात हरणाच्या कातड्याचा डगला, असा त्याचा वेष होता. परंतु त्याच्याहूनही नवलाचे होते ते त्याचे शेजारी. झोपडीच्या जमिनीतून सरोवराच्या पाण्यात उतरणारी एक वाट मोकळी ठेवलेली होती. त्या वाटेने बीव्हर नावाचे प्राणी खुशाल घरात येत, चिखल व काटक्या वाहून आणीत आणि भिंतीच्या आत आपले घर रचीत. त्यांचे निम्मे घर झोपडीत होते आणि निम्मे बाहेर पाण्यात! घरधनी मात्र त्यांना कधी हाकलीत नसे. चिखलाने माखलेल्या त्या घरातच तो रात्री लिहीत बसे.

या मनुष्याला जग ग्रे आउल, म्हणजे करडे घुबड, या नावाने ओळखत होते. ज्या प्राण्याला मारून तरुणपणी त्याने पोट भरले, त्याच प्राण्याच्या रक्षणासाठी पुढे त्याने आपले आयुष्य वेचले. हे कसे घडले ते समजण्यासाठी प्रथम उत्तरेकडील हिवाळ्याची आणि तेथील बीव्हराची ओळख करून घेतली पाहिजे.

कॅनडाच्या उत्तरेकडील अरण्यात हिवाळा सहा-सहा महिने ठाण मांडून बसतो. नद्या व सरोवरे गोठून दगडासारखी कठीण होतात. कित्येक रात्री तर पारा शून्याच्या खाली ४० अंशांपर्यंत उतरतो. अशा थंडीत जो गाफील राहील तो जगणार नाही. म्हणून शरद ऋतूत झाडांची पाने पिवळी पडू लागली, की सारे अरण्य तयारीला लागते. रानहंसांचे थवे आकाशात बाणाच्या टोकासारखी रांग धरून दक्षिणेकडे निघतात. काळे अस्वल दिवसभर फळे व कंदमुळे खाऊन अंगावर चरबी चढविते आणि मग गुहेत अथवा बिळात शिरून झोपी जाते. तांबडी खार देवदाराच्या जातीच्या झाडांची फळे तोडून त्यांचे ढीग रचते. तेथील करडा जे पक्षी अन्नाचा एकेक घास आपल्या चिकट लाळेने झाडाच्या सालीत चिकटवून ठेवतो. सशाचा तपकिरी रंग हळूहळू पालटून बर्फासारखा पांढरा होतो.

या सर्वांत अधिक खटपटी प्राणी म्हणजे बीव्हर. तो उंदीर-खारींच्या कुळातला आहे, परंतु आकाराने चांगला मोठा असतो. त्याचे वजन साधारणपणे १५ ते ३० किलो भरते. त्याची शेपटी वल्ह्यासारखी रुंद व चपटी असून तिच्यावर खवले असतात. संकटाची चाहूल लागताच तो ही शेपटी पाण्यावर जोराने आपटतो आणि तो आवाज ऐकून सारे कुटुंब पाण्यात बुडी घेते. त्याचे पुढचे दात नारिंगी रंगाचे, पटाशीसारखे धारदार असून ते जन्मभर वाढतच राहतात. या दातांच्या बळावर तो मोठाली झाडे कुरतडून आडवी करतो.

बीव्हर पक्का घरंदाज प्राणी आहे. नर व मादी आयुष्यभर बरोबर राहतात आणि त्यांची पिले सुमारे दोन वर्षे आईबापांपाशी राहून सर्व कामे शिकतात. ओढा आडवून ते फांद्या, दगड व चिखल यांचे धरण बांधतात. त्यामुळे पाण्याचा साठा खोल होतो व हिवाळ्यात तळापर्यंत गोठत नाही. या पाण्यात ते काटक्यांचे घुमटासारखे घर उभारतात. घराचे दार पाण्याखाली असते, पण आतील बसण्याची जागा पाण्याच्या वर कोरडी असते. शरद ऋतूत ते घरावर ओल्या चिखलाचा लेप देतात. थंडी पडताच हा लेप गोठून इतका टणक होतो, की लांडग्याच्या नखांनाही दाद देत नाही. त्याच सुमारास ते ॲस्पेन, विलो व बर्च या झाडांच्या फांद्या तोडून घराजवळ पाण्यात त्यांची रास रचतात. ही त्यांची हिवाळ्याची बेगमी होय. बीव्हर अस्वलासारखा झोपून हिवाळा काढीत नाही. वर सरोवर गोठलेले असते आणि खाली बीव्हर बर्फाखालून पोहत जाऊन या राशीतील एकेक फांदी घरात आणतो व तिची साल खाऊन दिवस कंठतो.

बीव्हराच्या कष्टांचे फळ एकट्या त्याच्याच पदरी पडते असे नाही. त्याच्या धरणामुळे तयार झालेल्या तळ्यात मासे वाढतात, बदके घरटी करतात व पाणमांजरे येतात. सांबराच्या कुळातला मूस नावाचा महाकाय प्राणी तेथे पाणवनस्पती चरावयास उतरतो. कोरड्या दिवसांत हीच तळी रानाला पाणी पुरवितात.

एवढा सावध प्राणी हिवाळ्याला व लांडग्याला पुरून उरला, पण माणसाच्या हौसेपुढे त्याचे काही चालले नाही. बीव्हराच्या अंगावर लांब केसांखाली मऊ व दाट लव असते. या लवेपासून उत्तम टोप्या होतात, हे ध्यानात येताच युरोपात तिला फार मागणी आली. १६७० साली स्थापन झालेल्या हडसन बे कंपनीसारख्या व्यापारी मंडळ्यांनी या कातड्यांवर मोठा पैसा मिळविला. शतकामागून शतके शिकार चालू राहिली. विसावे शतक उजाडले तेव्हा, जेथे एके काळी प्रत्येक ओढ्यावर बीव्हरांची वस्ती होती, अशा अनेक भागांत त्यांचे नावही उरले नव्हते.

अशा काळात इंग्लंडमध्ये एक मुलगा वाढत होता. त्याचे नाव आर्चिबाल्ड बेलानी. दक्षिण किनाऱ्यावरील हेस्टिंग्ज या गावी १८ सप्टेंबर १८८८ रोजी त्याचा जन्म झाला. वडील बेजबाबदार असल्यामुळे त्यांचा सहवास त्याला लाभला नाही आणि आईही त्याच्यापासून दूर राहिली. आजी व दोन आत्या यांनी त्याला वाढविले. घरात शिस्त कडक होती. एकाकी पडलेल्या या मुलाने रानातील प्राण्यांना सोबती केले. साप, उंदीर यांसारखे जीव तो घरी आणून पाळीत असे. घुबडाच्या घूत्काराची तो हुबेहूब नक्कल करी. अमेरिका खंडातील मूळ रहिवाशांची वर्णने त्याने आवडीने वाचली आणि आपणही त्यांच्यासारखे अरण्यात राहावे, हा ध्यास त्याने घेतला.

शाळा संपल्यावर त्याला एका लाकडाच्या वखारीत कामास लावण्यात आले. पण त्याचे मन तेथे रमेना. एके दिवशी त्याने कचेरीच्या धुराड्यात फटाके सोडले आणि नोकरीला तो मुकला. अखेर आत्यांनी त्याचा हट्ट पुरविला. १९०६ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तो बोटीने कॅनडास गेला.

तेथे ऑन्टेरिओ प्रांतातील टेमागामी सरोवराच्या परिसरात त्याची ओजिब्वे लोकांशी गाठ पडली. हे लोक त्या भूमीचे मूळ रहिवासी. त्यांच्यापैकीच एका तरुणीशी १९१० साली त्याने विवाह केला. बर्चच्या सालीची होडी कशी वल्हवावी, बर्फावर रुंद जोडे घालून कसे चालावे, पावलांच्या ठशांवरून जनावर कसे ओळखावे, ही सारी विद्या त्याला या लोकांनी शिकविली. त्यांच्यापाशी आणखी एक मोलाचे ज्ञान होते. प्रत्येक कुटुंबाचे शिकारीचे रान ठरलेले असे. त्या रानात बीव्हरांची घरे किती आहेत याची त्यांना पक्की माहिती असे आणि वंश टिकून राहील इतके प्राणी राखूनच ते शिकार करीत. बँकेतील मुद्दल न मोडता व्याजावर जगावे, तसा हा प्रकार होता.

आर्चिबाल्ड वाटाड्या झाला, टपाल पोचविणारा झाला, वनरक्षक झाला. हिवाळ्यात मात्र सापळे लावून बीव्हर पकडणे हाच त्याचा धंदा असे. हळूहळू त्याने आपली ओळखच बदलली. आपला जन्म मेक्सिकोत झाला असून आपली आई अपाची जमातीची होती, असे तो लोकांना सांगू लागला. ते खरे नव्हते. परंतु त्याचा पोशाख, त्याची भाषा व त्याचे वनज्ञान पाहून ऐकणाऱ्यांना ते खरे वाटे.

पहिल्या महायुद्धात १९१५ साली तो कॅनडाच्या सैन्यात भरती झाला आणि फ्रान्सच्या रणभूमीवर लढला. तेथे त्याच्या पायाला गोळी लागली. १९१७ साली तो परत आला, तो अधू पाय घेऊनच. जे अरण्य त्याने मागे सोडले होते तेही आता पूर्वीचे राहिले नव्हते. लाकूडतोड्यांच्या कुऱ्हाडी व वणवे यांनी रानेच्या राने ओस पडत होती. झटपट पैसा मिळविण्यासाठी दूरदूरचे लोक येऊन ओढ्यांवर सापळे लावीत आणि पिले राखून ठेवण्याची रीत न पाळता घरेच्या घरे रिकामी करून जात. आर्चिबाल्डला हे दिसत होते व खटकतही होते. पण त्याला दुसरा धंदा येत नव्हता.

१९२५ साली टेमागामी येथे त्याची मोहॉक वंशाच्या एका तरुणीशी भेट झाली. तिचे नाव गर्ट्रूड बर्नार्ड. पुढे ती अनाहारेओ या नावाने प्रसिद्ध झाली. वयाने ती त्याच्यापेक्षा पुष्कळ लहान होती, पण स्वभावाने धीट व स्पष्टवक्ती होती. ती त्याच्याबरोबर अरण्यात राहू लागली व सापळ्यांच्या फेरीवर जाऊ लागली. लोखंडी सापळ्यात पाय अडकून तळमळणारे जनावर प्रथम पाहिले तेव्हा तिला अत्यंत दुःख झाले. असल्या कमाईचा तिला वीट आला आणि तसे तिने त्याला सांगितलेही. तो ऐकून घेई, पण सापळे लावणे थांबले नाही.

मग १९२८ सालचा वसंत ऋतू उजाडला. त्याने लावलेल्या सापळ्यात एक बीव्हर मादी मारली गेली. तिची दोन इवलीशी पिले मागे राहिली. आईवाचून ती जगणार नव्हती. बीव्हराच्या पिलांचे रडणे तान्ह्या मुलाच्या रडण्यासारखे असते. अनाहारेओने त्यांना घरी नेण्याचा आग्रह धरला. आर्चिबाल्डने आजवर शेकडो बीव्हर मारले होते, परंतु आता त्याचा हात आखडला. दोन्ही पिले होडीत घालून दोघे परतले. त्यांची नावे ठेवली मॅकगिनिस आणि मॅकगिंटी.

पिलांना डब्यातील दूध पाजावे लागे. पोट भरले, की ती माणसाच्या कुशीत शिरून झोपत. कोणी उचलून घेतले नाही तर रुसत आणि जवळ घेतले, की गुणगुणल्यासारखा आवाज काढीत. पुढे आर्चिबाल्ड व अनाहारेओ क्वेबेक प्रांतातील बर्च सरोवरावर राहावयास गेले, तेव्हा पिलेही बरोबर होती. त्या हिवाळ्यात बाहेर बर्फ पडत असे आणि झोपडीत या दोघांचा उद्योग चाले. जळणाची लाकडे ओढून ती खोलीच्या मध्ये बांध घालीत, टेबलाचे पाय कुरतडीत आणि हाती लागेल ती वस्तू पळवीत. त्यांना कोणी काही शिकविले नव्हते. धरण बांधण्याची व हिवाळ्याची तयारी करण्याची ओढ त्यांच्या रक्तातच होती.

त्या लहानग्यांकडे पाहता पाहता शिकाऱ्याच्या मनात विचारांचे काहूर उठले. ज्याला आपण कातड्याच्या भावात मोजले तो प्राणी माया करतो, रुसतो, खेळतो आणि घरासाठी राबतो. मग त्याला मारण्याचा आपल्याला काय अधिकार? त्याने निश्चय केला, की यापुढे बीव्हर मारावयाचा नाही. हा निश्चय सोपा नव्हता. दुसऱ्या दिवशी काय खावे हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला. घरात पैसा नव्हता आणि युद्धात जायबंदी झाल्याबद्दल मिळणारे निवृत्तिवेतन तुटपुंजे होते. पण तो ढळला नाही. उलट बीव्हरांची एक वसाहत आपण वसवावी आणि तिला कोणाचाही उपद्रव होऊ देऊ नये, असे स्वप्न तो पाहू लागला.

याच काळात त्याने लेखणी हाती घेतली. अरण्याविषयीचा त्याचा पहिला लेख १९२९ साली इंग्लंडमधील एका साप्ताहिकात छापून आला. त्यानंतर तो ग्रे आउल या नावाने लिहू लागला. परंतु आनंदाबरोबर दुःखही आले. हिवाळा संपून बर्फ वितळल्यावर मॅकगिनिस व मॅकगिंटी एकदा पाण्यात गेली ती परत आलीच नाहीत. दोघांनी ओढे व तळी शोधून काढली, हाका मारमारून घसा कोरडा केला, पण पिलांचा पत्ता लागला नाही. ती कोणाच्या तरी सापळ्यात सापडली असावीत, असे त्यांना वाटले. ज्या सापळ्यांवर आपण जन्मभर जगलो, त्यांनीच आपली पिले नेली असतील, ही जाणीव त्याला फार बोचली. त्या दोघांच्या आठवणीपायी त्याचा संकल्प अधिकच दृढ झाला.

नंतर जेली रोल नावाची एक बीव्हर मादी व रॉहाइड नावाचा एक नर त्यांच्या घरी वाढले. पाळीव नसलेला, मोकळा फिरणारा बीव्हर माणसाच्या हाकेला धावून येतो, हे ऐकून लोक थक्क झाले. या बीव्हरांचे चलच्चित्रपट काढण्यात आले. कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांच्या अधिकाऱ्यांनी त्याला वनप्राण्यांचा रक्षक म्हणून नेमले. १९३१ साली तो प्रथम मॅनिटोबा प्रांतातील रायडिंग माउंटन उद्यानात गेला. तेथील पाणी बीव्हरांना मानवेना म्हणून त्याच वर्षी तो सॅस्कॅचेवानमधील प्रिन्स अल्बर्ट उद्यानात आला आणि अजावान सरोवराच्या काठी स्थिरावला.

येथे त्याचे स्वप्न साकार झाले. जेली रोल दरवाजा ढकलून घरात येई आणि पुढच्या दोन पायांत चिखल धरून, मागच्या पायांवर चालत आपल्या बांधकामावर नेऊन टाकी. शरद ऋतूत सरोवरावर अन्नाची रास वाढू लागली, की ग्रे आउल होडीत बसून ते काम तासन्‌तास पाही. दरवर्षी नवी पिले जन्मास येत. जे पाही ते तो लिहून काढी. १९३१ ते १९३६ या काळात त्याची चार पुस्तके प्रसिद्ध झाली. त्यांपैकी एक खास मुलांसाठी लिहिलेली गोष्ट आहे. साजो नावाची मुलगी आणि तिचे बीव्हर यांची ती कथा अनेक भाषांत गेली.

त्याची कीर्ती समुद्रापार पोचली. १९३५ च्या शरद ऋतूत तो इंग्लंडला व्याख्यानांच्या दौऱ्यावर गेला. सुमारे चार महिन्यांत त्याने दोनशेच्या वर व्याख्याने दिली. हरणाच्या कातड्याचा पोशाख करून तो व्यासपीठावर उभा राही, बीव्हरांचे चित्रपट दाखवी आणि साध्या शब्दांत बोले. मनुष्य हा निसर्गाचा मालक नसून त्याचाच एक भाग आहे, हे त्याच्या बोलण्याचे सार असे. १९३६ साली लेस्टर शहरातील अशाच एका सभेत दोन लहान भाऊ बसले होते. त्यांपैकी धाकटा डेव्हिड ॲटनबरो पुढे वन्य जीवांवरील चित्रपटांमुळे जगप्रसिद्ध झाला. थोरला रिचर्ड नामवंत चित्रपट दिग्दर्शक झाला आणि त्याने १९९९ साली ग्रे आउलच्या जीवनावर चित्रपट काढला.

१९३७ च्या डिसेंबरात, दुसऱ्या दौऱ्याच्या वेळी, इंग्लंडच्या राजवाड्यात त्याचे व्याख्यान झाले. राजा, राणी व दोन्ही राजकन्या ते ऐकावयास बसल्या होत्या. त्याच सुमारास आकाशवाणीवर मुलांसाठी त्याचे भाषण व्हावयाचे होते. त्यात त्याने कोल्ह्यांच्या शिकारीच्या खेळाविरुद्ध लिहिले होते. तो भाग गाळण्यास त्याला सांगण्यात आले. इंग्लंडमध्ये हा खेळ प्रतिष्ठित लोकांचा मानला जाई. ग्रे आउलने भाषण सोडले, पण ते शब्द गाळले नाहीत.

या धावपळीने त्याची प्रकृती पार ढासळली. १९३८ च्या एप्रिलमध्ये तो थकूनभागून अजावानला परतला आणि थोड्याच दिवसांत आजारी पडला. प्रिन्स अल्बर्ट येथील रुग्णालयात १३ एप्रिल १९३८ रोजी न्यूमोनियाने त्याचा अंत झाला. त्या वेळी त्याचे वय अवघे ४९ वर्षांचे होते.

त्याच्या मृत्यूची बातमी पसरली न पसरली तोच दुसरी बातमी आली. ग्रे आउल हा मूळ रहिवासी नव्हताच, तो हेस्टिंग्जचा इंग्रज होता! कॅनडातील एका वृत्तपत्राला हे १९३५ पासून ठाऊक होते, पण त्याच्या कार्याला धक्का लागू नये म्हणून संपादकाने त्याच्या हयातीत ते छापले नव्हते. आता सारे उघड झाले. आपण फसविले गेलो, असे लोकांना वाटले. त्याने काळे केलेले केस व सावळी केलेली कातडी यांची चेष्टा झाली. त्याच्या पुस्तकांवरील लोकांचा विश्वास उडाला आणि काही काळ त्याचे कार्यही विस्मृतीत गेले.

या गोष्टीचा विचार आपण निःपक्षपातीपणे केला पाहिजे. ग्रे आउल खोटे बोलला यात शंका नाही. त्याने पहिल्या पत्नीला व मुलीला मागे सोडले, हाही त्याचा दोषच होय. त्याच्या असत्यात आणखी एक अन्याय दडलेला होता. प्राणी राखून शिकार करण्याची जी रीत त्याने जगाला सांगितली, ती ओजिब्वे लोकांची होती. पण त्या लोकांना त्या काळी कोणी व्यासपीठावर बोलावले नाही. त्यांचा वेष घेऊन आलेल्या इंग्रजाचे मात्र जगाने ऐकले. ज्या अनाहारेओने त्याला पहिल्यांदा बीव्हराचे दुःख दाखविले, तिचा मोठेपणाही लोकांना फार उशिरा उमगला. कॅनडाने १९८३ साली तिला राष्ट्रीय सन्मान दिला आणि १९८६ साली ती निवर्तली.

तरीसुद्धा बीव्हरांविषयी त्याने जे सांगितले ते खोटे नव्हते. त्याने दाखविलेले ओढे खरोखरच ओस पडले होते. सापळे टाकून देण्याचा त्याचा निश्चय खरा होता आणि त्यासाठी सोसलेली गरिबीही खरी होती. बीव्हर वाचविण्याचे काम त्याने एकट्याने केले असेही नव्हे. त्याच सुमारास जेम्स उपसागराच्या प्रदेशात क्री लोकांच्या साहाय्याने बीव्हरांसाठी राखीव क्षेत्रे निर्माण झाली. ठिकठिकाणी शिकारीवर निर्बंध आले आणि जेथून बीव्हर नाहीसे झाले होते तेथे त्यांच्या जोड्या नेऊन सोडण्यात आल्या. परंतु नाल्याकाठी राहणाऱ्या त्या मुक्या कुटुंबाविषयी लोकांच्या मनात कळवळा उत्पन्न करण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात ग्रे आउलकडे जाते.

आज उत्तर अमेरिकेत बीव्हर पुन्हा लक्षावधींच्या संख्येने नांदत आहेत. १९३७ पासून कॅनडाच्या पाच सेंटच्या नाण्यावर बीव्हराचे चित्र आहे आणि १९७५ साली तो त्या देशाचे अधिकृत प्रतीक ठरला. ज्याची एके काळी केवळ कातडी मोलाची मानली गेली, तोच प्राणी आता राष्ट्राचा मान झाला.

अजावानच्या काठावरील ती झोपडी अजून उभी आहे. तेथे जाण्यास अरण्यातून सुमारे २० किलोमीटर पायी चालावे लागते किंवा होडीने जावे लागते. जवळच ग्रे आउलची समाधी आहे आणि अनाहारेओही तेथेच विसावली आहे. दरवर्षी शरद ऋतू येतो, ॲस्पेनची पाने सोनेरी होतात आणि रानहंस दक्षिणेची वाट धरतात. उत्तरेच्या ओढ्या-सरोवरांत बीव्हर आपल्या घरावर ओल्या चिखलाचा लेप देऊ लागतात. थोड्याच दिवसांत त्यावर बर्फ पडते. वरून पाहणाऱ्याला सारे निर्जीव भासते, पण त्या पांढऱ्या घुमटाखाली एक कुटुंब एकमेकांना बिलगून वसंताची वाट पाहत असते.